जस्ताची झडती

आमच्या वहिनींना कुणी सरळ उत्तर दिलं की त्यांचा संशय बळावतो. उत्तर दिलंच नाही तर मग विचारूच नका. मी बाजारातून आले की त्या जिन्यात उभ्या. "कुठे गेली होतीस?" "भाजी आणायला." मग पिशवीत डोकावायचं, आत भाजीच दिसते, आणि ती दिसल्याबरोबर भुवया आणखी वर. "एवढ्याशा भाजीला एवढा वेळ?" मी त्यांची धाकटी जाऊ. त्या वरच्या मजल्यावर राहतात, मी खालच्या. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या नजरेखालून ये-जा करते आहे. आणि खरं सांगायचं तर मीही काही कमी नाही. वर कुठला डबा उघडला हे मला खाली बसल्या बसल्या झाकणाच्या आवाजावरून कळतं.

त्यांना मात्र संशय घेण्याचा पगार मिळायचा. बादल्यांच्या कारखान्यात फाटकावर त्या बायकांची झडती घ्यायच्या. पत्र्याच्या बादल्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढल्या की गंजत नाहीत, एवढंच त्या कारखान्याचं काम. पण जस्ताला भंगारवाल्याकडे मागणी असते, आणि तुकडा तळहाताएवढा असला तरी कुठेही मावतो. म्हणून सुटीच्या वेळी फाटकापाशी एक कापडी पिशवी टांगलेली असे. तिच्यात पांढऱ्या आणि लाल लाकडी गोट्या. प्रत्येकीने न बघता हात घालायचा. पांढरी आली तर घरी, लाल आली तर वहिनींच्या पडद्याआड. माझ्यावरच का संशय, असं कुणाला म्हणता येऊ नये म्हणून ही सोय. कारखान्यात वहिनींना सगळ्या 'एक्सरे' म्हणायच्या. हे त्यांना माहीत होतं, आणि आतून बरंही वाटायचं.

त्यांची विद्या दोन चोऱ्यांवर उभी होती. पहिली एका हसतमुख बाईची. ती लाल गोटी आली की आपणहून डबा उघडून पुढे करायची, "घ्या बाई, बघा." वहिनी बघायच्या आणि सोडायच्या. एक दिवस तो डबा हातातून निसटून फरशीवर आपटला आणि त्याचं बूड वेगळं झालं. खाली आणखी एक बूड होतं, मध्ये जस्ताची चकती. त्या दिवसापासून वहिनींनी कानाला खडा लावला की जी आपणहून दाखवते तिला दोनदा तपासायचं. दुसरी चोरी संडासातली. फ्लशच्या टाकीत जस्ताचे तुकडे टाकून ठेवायचे आणि जाताना एकेक काढून न्यायचा. त्यामुळे जी वारंवार संडासात जाते तिच्यावर डोळा ठेवायचा, हा दुसरा नियम. ही दोन सूत्रं वहिनींनी मला इतक्यांदा ऐकवली आहेत की झोपेत उठवून विचारा, सांगेन.

आणि अशा बाईच्या पदरात पडले आमचे दादा. माझे मोठे दीर. एका बेकरीत केकवर नक्षी काढायचे. क्रीमचा कोन हातात धरला की पाकळीवर पाकळी बसत जायची, बोटं अशी हलकी की बघत राहावं. बोलणं मात्र मोजकं. काहीही विचारा, "हं" एवढंच. अंगावरचा शर्ट रोज पिठीसाखरेने पांढरा. तो झटकायला ते जिन्यातच थांबायचे आणि आमच्या दारापुढे मुंग्या लागायच्या. मी ओरडायचे, ते "हं" म्हणायचे.

मग एकदा त्यांना गुलाबाच्या कडा अंधूक दिसायला लागल्या. डोळ्यांचं काहीतरी असेल म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी रक्त तपासलं. साखर निघाली, आणि तीही चांगलीच चढलेली. डॉक्टर हसून म्हणाले, "दिवसभर साखरेत हात घालणारा माणूस, दुसरं काय होणार?" गोळ्या दिल्या, पथ्य सांगितलं, आणि गोड बंद. दादा "हं" म्हणाले.

त्या दिवसापासून वहिनींच्या घरात साखरेचा डबा कुलपात गेला. चहा बिनसाखरेचा. दादांनी तो निमूट प्यायला. पण पुढच्या तपासणीला साखर खाली येण्याऐवजी वर गेली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या आणि वहिनींकडे बघून म्हणाले, "घरी पाळतात ना? मग बाहेर बघा." एवढं एक वाक्य वहिनींना पुरलं. माझ्या मते त्या डॉक्टरांनी हे बोलायला नको होतं. आधीच एक्सरे, त्यात वर हुकूम!

दुसऱ्या दिवशी दादा घरात शिरले तेव्हा वहिनी दारात.

"थांबा. खिसे बघू."

दादांनी आपणहून चारही खिसे उलटे केले. रुमाल, किल्ली, आणि शिवणीत अडकलेली चिमूटभर पिठीसाखर. ती तर त्यांच्या कानातसुद्धा असायची.

"ही काय?"

"कामाची."

मी जिन्यातून बघत होते. मला वाटलं, संपलं. पण वहिनींचा चेहरा बघितला आणि कळलं की उलट आता सुरू झालं आहे. माणसाने आपणहून खिसे उलटे केले होते. दोन बुडांचा डबा त्यांच्या डोळ्यांपुढे आला असणार.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घराच्या दारामागे खिळ्याला पिशवी टांगली. गंमत वाटेल, पण खरंच टांगली. काचेच्या पांढऱ्या गोट्या आणल्या आणि त्यांतल्या काही लाल नेलपॉलिशने रंगवल्या. "रोज रोज मी झडती घेतली तर तुम्हाला वाटायचं बायको छळते," त्या दादांना म्हणाल्या. "म्हणून हे. कुणावर अन्याय नको." आमचे हे वर गेले होते, त्यांना हसू आवरेना. "अगं वहिनी, घरात झडती घ्यायची ती एकाच माणसाची, त्याला पिशवी कशाला?" वहिनींनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते चहा न घेताच खाली आले.

दादा मात्र रोज हात घालायचे. लाल आली की हात वर करून उभे राहायचे. वहिनी खिसे, कॉलर, मोजे, बेकरीच्या पिशवीची शिवण, सगळं चाचपून बघायच्या. काही सापडत नसे, आणि साखर वाढत होती. वहिनींच्या हिशेबात याचा अर्थ एकच. चोर पट्टीचा आहे.

आता माझं सांगते. मी घरी शिवणकाम करते, आणि दादांच्या पँटी माझ्याकडेच असतात. एक दिवस त्यांनी पँट आणून दिली, "जरा कमरेत घे." घेतली. थोड्या दिवसांनी परत तीच. मग परत. शेवटी मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भिडायला आले, आता घ्यायला कापडच उरलं नव्हतं. ती पँट हातात घेऊन मी तशीच वर गेले.

"वहिनी, चोरून गोड खाणारा माणूस जाडा होतो की बारीक?"

त्या भाजी निवडत होत्या. हात थांबला. मला वाटलं डोक्यात प्रकाश पडला. पण त्यांच्या डोक्यात भलतंच पेटलं होतं.

"तुला त्यांचा एवढा पुळका का गं? तूच देतेस ना काहीतरी? खाली थांबतात मेले रोज, शर्ट झटकायच्या निमित्ताने!"

आणि त्या उठल्या त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात. माझे डबे उघडून बघितले! तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "जा, फ्लशची टाकीपण बघून घ्या," मी म्हटलं, आणि त्या खरोखर बघून आल्या. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

बंद म्हणजे एका कामापुरतं सोडून. कारखान्यात नियम होता की झडतीला साक्षीदार लागतो. एका सकाळी वहिनी माझ्या दारात आल्या, भिंतीकडे बघत म्हणाल्या, "रजा काढलीय. बेकरीवर नजर ठेवायचीय. चल." मला संताप आला होता, पण मी चप्पल घातली. काय घडतंय ते मलाही बघायचंच होतं.

बेकरीच्या समोर एक न्हाव्याचं दुकान होतं, त्याच्या बाजूच्या पायरीवर आम्ही बसलो. बेकरीची पुढची बाजू काचेची, गिऱ्हाइकांना नक्षी दिसावी म्हणून. दादा काचेमागे उभे होते. इतक्या लांबून बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा धस्स झालं. घरात रोज दिसणारा माणूस किती झिजलाय ते घरात कळत नाही. शर्टाचे खांदे खाली ओघळले होते. क्रीमने माखलेलं बोट ते दर वेळी ओल्या फडक्याला पुसत होते. दिवसभरात एकदाही, मी शपथेवर सांगते, एकदाही ते बोट तोंडाकडे गेलं नाही. पाणी मात्र सारखं पीत होते. बाटली संपली की भरायची, पुन्हा प्यायची, आणि मागच्या दाराने आत जायचं. परत यायचं, पुन्हा बाटली.

"बघितलंस?" वहिनी कुजबुजल्या.

"बघितलं. एक कण खाल्ला नाही."

"इथे नाही खात. सारखे संडासात जातात ते बघितलंस का? इतक्यांदा कोण जातं? तिथेच ठेवलंय."

मी काही म्हणायच्या आत त्या रस्ता ओलांडून बेकरीच्या मागच्या दाराने आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा उजवी बाही कोपरापर्यंत भिजलेली होती.

"सापडलं काही?"

"नाही," बाही पिळत त्या म्हणाल्या. "हुशार आहेत."

घरी येताना मी मनात म्हटलं, या बाईला काही सापडलं तर तो पुरावा, आणि नाही सापडलं तर तो त्याहून मोठा पुरावा. अशा माणसापुढे निर्दोष माणसाने करायचं तरी काय? पण खरं सांगू, त्या रात्री पडल्या पडल्या माझ्याही मनात आलंच, इतकं पाणी का पीत असतील? कुठेतरी पाणी मुरतंय खरं.

एकदा वहिनी कामावर असताना मी वर गेले होते, दादांची इस्त्रीची पँट ठेवायला. पिशवी समोर टांगलेली. सहज हात घातला, लाल आली. परत टाकून पुन्हा काढली, लाल. मी पिशवी काढून पलंगावर रिकामी केली. सगळ्या लाल. उरलेल्याही रंगवून टाकल्या होत्या, पांढरी औषधालासुद्धा नव्हती.

संध्याकाळी बोलणं बंद असलेलं विसरून मी वहिनींना अडवलं. "हा कसला न्याय? तो माणूस बिचारा रोज हात घालतो!"

"कारखान्यात माझं कुणी लागत नाही," त्या म्हणाल्या. "तिथे गोटी चालते. इथे चुकून पांढरी आली आणि त्याच दिवशी त्यांनी काही आणलेलं असलं तर? मला त्यांना जगवायचंय गं!" हे बोलताना त्यांचा आवाज फुटला. तेव्हा मला कळलं की या बाईला भयंकर भीती वाटते आहे. भीती वाटली की दुसरी माणसं रडतात, वहिनी झडती घेतात.

मग तो दिवस आला. भर दुपार. दादा बेकरीतून लवकर परत आले. सकाळपासून उलट्या होत होत्या म्हणे. मी मशीनवर होते, जिन्यावरची पावलं ऐकली. दोन पायऱ्या, मग थांबणं, मग दोन पायऱ्या. आणि श्वास! कुणीतरी मैलभर पळून आल्यासारखा खोल, जोराचा. मी दार उघडून बाहेर आले तोवर ते वर पोचले होते. वहिनींना त्या दिवशी सुटी होती. दारात त्या उभ्या होत्या, आणि दादांनी, कपाळावर घाम, ओठ कोरडे पडलेले, तरी सवयीने पिशवीत हात घातला. लाल.

वहिनी खिसे चाचपायला जवळ गेल्या आणि एकदम थबकल्या. नाक पुढे केलं.

"सापडलं!" त्या केवढ्याने ओरडल्या. "धाकटे, वर ये! साक्षीला ये! वास घे तोंडाचा!"

मी वर गेले. घेतला वास. खरंच गोड वास होता, फार पिकून उतरायला लागलेल्या फळाचा असतो तसा. म्हणजे खातात की काय खरंच? इतके दिवस आम्हाला गंडवलं?

"अगं, मी खरंच…" दादा म्हणाले, आणि दाराच्या चौकटीला पाठ घासत खाली बसले, आणि मग कलंडले. हातातली गोटी सुटून जिन्यावरून टप टप करत खाली गेली.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा वहिनी धावतच आत शिरल्या आणि जी डॉक्टरीणबाई पुढे आली तिला म्हणाल्या, "यांना साखर आहे, यांनी आज नक्की काहीतरी गोड खाल्लंय, तोंडाचा वास घ्या हवं तर!"

ती दादांच्या तोंडाजवळ वाकली. पुढच्या क्षणाला तिने नर्सला अशी हाक मारली की सगळा वॉर्ड हलला. आम्हाला बाहेर काढलं, पडदा ओढला. पडद्याबाहेर उभं राहायची वहिनींना सवय नव्हती. त्यांनी माझा हात धरला होता. इतकी वर्षं वर-खाली राहून त्यांनी माझा हात पहिल्यांदा धरला.

दादा वाचले. संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाली की थोडा उशीर झाला असता तर हाती लागले नसते. "तो वास गोड खाल्ल्याचा नव्हता," ती म्हणाली. "अंगात इन्सुलिन उरलं नाही की रक्तात साखर असूनही शरीराला ती वापरता येत नाही. मग ते चरबी जाळत सुटतं. त्याचा तो वास. तहान, सारखी लघवी, वजन उतरणं, सगळं त्यातलंच." मला न्हाव्याच्या बाजूची ती पायरी आठवली, ती भिजलेली बाही आठवली. वहिनी जमिनीकडे बघत होत्या.

तिने आणखी एक तपासणी करायला रक्त पाठवलं होतं. तिचा निकाल आला त्या दिवशी तिने आम्हा तिघांना, म्हणजे वहिनी, मी आणि आमचे हे, तिच्या खोलीत बसवलं. वहिनींनी बसता बसता विचारलं, "तुम्ही सांगाल ते खरं कशावरून?"

ती चिडली नाही. "मी नाही सांगत. रक्त सांगतंय." आणि मग तिने सांगायला सुरुवात केली. जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या काही पेशी इन्सुलिन बनवतात, पण बनवलं की लगेच सोडत नाहीत. बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवतात. पिशवीत दाटीने मावावं म्हणून इन्सुलिनच्या सहा-सहा कणांचे गठ्ठे बांधतात, आणि ते गठ्ठे बांधायला मध्ये जस्त लागतं.

"जस्त?" वहिनींनी मान वर केली.

"जस्तच."

"आमच्या बादल्यांना लावतात ते?"

"तेच. अगदी कणभर. ते जस्त आत आणायला त्या पिशवीच्या भिंतीत एक हमाल असतो. दिवसरात्र तेच काम. आपण जेवलो, रक्तात साखर वाढली, की पिशव्या पेशीच्या कडेला येतात आणि उघडतात. इन्सुलिन बाहेर पडतं, त्याच्याबरोबर जस्तही."

"बाहेर गेलेल्या जस्ताचं काय होतं?" वहिनींनी लगेच विचारलं. सवय ती सवय.

डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसली. "ते वाया जात नाही. पेशीच्या बाहेरच्या अंगावर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणारे. त्यांतल्या एकाला जस्त जाऊन भिडतं, मग आत निरोप जातो की साखर आलीय, अजून सोडा. निदान आत्तापर्यंत तरी असं दिसतंय, शोध अजून चालू आहेत."

"म्हणजे जस्त चोरून जात नाही. दारावर वर्दी देऊन जातं," वहिनी म्हणाल्या.

"तसं म्हणा."

"मग यांचं जस्त कमी पडलं? गोळ्या आणू का जस्ताच्या?" आमच्या ह्यांनी मध्येच तोंड घातलं.

"नका आणू. जस्त भरपूर आहे. ते ठेवणाऱ्या पेशीच मरताहेत, त्याला गोळ्या काय करणार?" मग ती वहिनींकडे वळली. "पिशवी बाहेरच्या बाजूला उघडते ना, तेव्हा तो हमाल बाहेरून दिसतो. आपल्या रक्तात शरीराचे पहारेकरी फिरत असतात, जंतू पकडायला. यांच्या पहारेकऱ्यांना त्या हमालाचाच संशय आला. हा परका आहे, असं वाटलं. त्याच्या नावाने जणू वॉरंटं काढली. तीच आम्हाला यांच्या रक्तात सापडली. वॉरंट स्वतः कुणाला मारत नाही, पण संशय कुणावर आहे ते त्यावरून कळतं. मारणारे दुसरे असतात. ते त्या सगळ्या पेशीच मारत सुटतात."

वहिनींनी हळूच विचारलं, "त्याने काही केलं होतं का? त्या हमालाने?"

"काहीच नाही. जन्मभर जस्त आणत होता."

"मग त्यांना संशय का आला?"

"ते आम्हालाही नीट कळलेलं नाही."

"आणि कुणी सांगत का नाही त्यांना? की तो आपलाच आहे म्हणून?"

"अजून कुणाला तसं सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाली. "म्हणून बाहेरून इन्सुलिन द्यायचं. आता कायमचं."

वहिनींनी मग तो प्रश्न विचारला. इतक्या खालच्या आवाजात विचारला की डॉक्टरीणबाईला पुढे वाकावं लागलं. "म्हणजे त्यांनी गोड खाल्लं नव्हतं?"

"नव्हतं. आणि खाल्लं असतं तरी हे त्याने झालं नसतं."

वहिनींनी तोंडाला पदर लावला. मी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं, आणि मला अजिबात बरं वाटलं नाही.

दादांना घरी सोडताना इंजेक्शनं कशी घ्यायची ते शिकवलं. आणि डॉक्टरीणबाईने एक गोष्ट बजावली. इन्सुलिनने साखर कधी एकदम खाली येते, घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बेशुद्धसुद्धा पडतो. तेव्हा ताबडतोब साखर खायची. म्हणून दादांच्या खिशात साखरेच्या वड्या कायम हव्यात. घरी, रस्त्यात, कामावर. वहिनींनी तिला हे तीनदा सांगायला लावलं. आपल्या कानांवरही त्यांचा विश्वास नव्हता.

घरी आलो. दार उघडलं तर दारामागे पिशवी तशीच. धांदलीत काढायची राहून गेली होती. दादांनी सवयीने हात पुढे केला आणि वहिनी किंचाळल्याच, "नको!" खिळ्यावरून पिशवी ओढून काढली, आणि ती दोन्ही हातांत धरून त्या तिथेच खाली बसल्या.

"सगळ्या लाल होत्या," त्या म्हणाल्या. "पांढरी एकही नव्हती. तुम्ही मरत होता, आणि मी तुमचे मोजे तपासत होते."

"माहीत होतं," दादा म्हणाले.

"काय माहीत होतं?"

"सगळ्या लाल आहेत ते. नेलपॉलिश हाताला लागतं. काच गुळगुळीत असते." क्रीमची पाकळी नुसत्या बोटांनी ओळखणारा माणूस तो. हे आमच्या दोघींच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"मग बोलला का नाहीत?"

दादा चप्पल काढत होते. त्यांनी एवढं लांब वाक्य बोललेलं मी तरी पूर्वी ऐकलं नव्हतं.

"साखर निघाल्यापासून तू लांब लांबच असायचीस. झडती घ्यायला तरी जवळ यायचीस."

मी खाली निघून आले. काही गोष्टींना साक्षीदार लागत नाही.

आता दादा पुन्हा बेकरीत जातात. मी पँटी उसवून परत कमरेत सोडल्या आहेत. वहिनींनी त्या गोट्या फेकून दिल्या, पण झडती काही बंद झाली नाही. रोज सकाळी दादा निघाले की वहिनी त्यांना दारात थांबवतात. दादा हात वर करतात. वहिनी खिसे चाचपतात, आणि साखरेच्या वड्या सापडल्या तरच सोडतात. परवा सापडल्या नाहीत.

"बेकरीत साखरच साखर आहे गं," दादा म्हणाले.

"रस्त्यात आहे का?" असं म्हणत वहिनींनी स्वतःच्या कमरेची पिशवी सोडली. दादांसाठी वड्या त्या स्वतःजवळही ठेवतात. त्यांतल्या काही दादांच्या खिशात घातल्या आणि वरून हाताने दाबून बघितल्या, आहेत ना म्हणून. मग पुन्हा एकदा दाबून बघितल्या. दादा मुकाट्याने हात वर करून उभे होते, आणि कुणालाच घाई नव्हती.